सुरक्षा प्रशिक्षण समोरासमोर द्यावे की ऑनलाइन?

सुरक्षा अधिकारी (धागाकर्ता)

आमच्या कारखान्यातील कामगारांचे सर्व सुरक्षा प्रशिक्षण यापुढे ऑनलाइन करावे, असा प्रस्ताव व्यवस्थापनाने मांडला असून त्यावर माझे लेखी मत मागवले आहे. गेली अनेक वर्षे मी हे प्रशिक्षण वर्गात उभा राहून देत आलो आहे. त्यामुळे माझा कल कुठे असेल हे सांगायला नको. पण केवळ सवयीपोटी विरोध केला असे होऊ नये, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी माझ्याच बाजूची उणीव मांडतो. वर्गातील प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी ज्या रीतीने चालते, त्याचे समर्थन करणे अवघड आहे. चाळीस माणसे एका खोलीत बसवायची, पडद्यावर एकामागून एक स्लाइड दाखवायच्या, रात्रपाळी संपवून आलेल्यांच्या डुलक्यांकडे काणाडोळा करायचा आणि शेवटी हजेरीपटावर सह्या घ्यायच्या, यालाच आपण समोरासमोरचे प्रशिक्षण म्हणत आलो आहोत. बर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ'मध्ये कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणांवरील ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यांत मिळून सुमारे २१,००० कामगारांचा समावेश होता. शिकणारा प्रशिक्षणात किती गुंततो, यावरून त्यांनी पद्धतींच्या तीन पायऱ्या केल्या. व्याख्यान, पत्रके आणि चित्रफिती सर्वांत खालच्या पायरीवर आहेत; उत्तर चुकल्यास लगेच तसे सांगणारे संगणकावरील टप्प्याटप्प्याचे शिक्षण मधल्या पायरीवर आहे; आणि दुसऱ्याने करून दाखवलेले पाहून स्वतः करून बघणे वरच्या पायरीवर आहे. पायरी जितकी वरची, तितके ज्ञान अधिक आणि अपघात कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

याचा अर्थ, माझे व्याख्यान समोरासमोर दिलेले असूनही संगणकावरील चांगल्या धड्यापेक्षा एक पायरी खाली बसते. हे वाचून मला बरे वाटले नाही, पण नाकारताही आले नाही. तेव्हापासून मला असे वाटू लागले आहे की प्रशिक्षण कोणत्या माध्यमातून दिले याला आपण नको तितके महत्त्व देतो. शिकणाऱ्याने ती कृती स्वतःच्या हाताने केली का, आणि ती पाहून 'तुम्हाला हे अजून जमलेले नाही' असे सांगणारे कोणी तिथे होते का, या दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. आपल्या ठिकाणी ऑनलाइन प्रशिक्षण सुरू झाले असल्यास काय टिकले आणि काय फसले, ते कृपया तपशिलाने लिहावे.

जुना फिटर

मी देखभाल विभागात आहे, म्हणून लॉकआउट-टॅगआउटबद्दलच, म्हणजे दुरुस्तीपूर्वी यंत्राची ऊर्जा तोडून त्यावर कुलूप आणि टॅग लावण्याबद्दल, लिहितो.

आमच्याकडे हे प्रशिक्षण ऑनलाइन झाल्याला काही वर्षे झाली. धडा वाईट नाही. यंत्र बंद करा, ऊर्जेचे सर्व स्रोत तोडा, कुलूप आणि टॅग लावा, साठलेली ऊर्जा काढून टाका, यंत्र सुरू होत नाही याची खात्री करा, हा क्रम त्यात चांगला समजावला आहे. एका नव्या मुलाला त्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले. दुसऱ्या दिवशी मी त्याला हायड्रॉलिक प्रेससमोर उभे केले आणि 'कुलूप लाव' म्हणालो. त्याने मुख्य विद्युत स्विच बंद केला, कुलूप लावले, टॅगवर स्वतःचे नाव लिहिले आणि समाधानाने माझ्याकडे पाहिले. प्रेसचा वरचा भाग तोपर्यंत वरच होता. त्याखाली आधाराचा ठोकळा लावलेला नव्हता आणि ॲक्युम्युलेटरमधील, म्हणजे दाबाखालचे तेल साठवणाऱ्या टाकीतील, दाबही तसाच होता. साठलेली ऊर्जा म्हणजे काय, हा प्रश्न परीक्षेत होता आणि त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले होते.

दोष मी त्या मुलाला देत नाही. धड्यातील यंत्राला एकच स्विच होता आणि तो लाल होता. आमच्या प्रेसला तीन ठिकाणांहून ऊर्जा मिळते. त्यांपैकी एक झडप यंत्राच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर आहे आणि तिच्यावरची नावाची पट्टी पुसली गेली आहे. ती झडप वाकून शोधावी लागते, पडद्यावर ती कुणाला सापडणार नाही.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, मग ती कुणाला आवडो वा न आवडो. आमच्या पाळीत एकच जण सर्वांचे धडे 'पूर्ण' करून देतो, कारण त्याचा हात मोबाइलवर सफाईने चालतो. अभिलेखानुसार आमचे सर्व लोक प्रशिक्षित आहेत.

मनुष्यबळ विभागातून

फिटर यांनी शेवटी लिहिलेला प्रकार गंभीर आहे, पण हजेरीपटावर दुसऱ्याची सही करणे ऑनलाइन प्रशिक्षण येण्यापूर्वीही होत होतेच. माध्यम बदलल्याने अप्रामाणिकपणा जन्माला आला, असे मला वाटत नाही.

दुसऱ्या बाजूने काही लिहिणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे तीन पाळ्या आहेत आणि कंत्राटी कामगार आठवड्याच्या कोणत्याही दिवशी रुजू होतात. पूर्वी प्रवेशाचे प्रशिक्षण ठरावीक दिवशीच होत असे, आणि मधल्या दिवसांत आलेला माणूस एकतर बसून राही किंवा (बहुधा हेच होई) प्रशिक्षणाशिवाय कामाला लागे. ऑनलाइन धड्यामुळे आता तो पहिल्याच दिवशी, काम सुरू करण्यापूर्वी, निदान सायरनचा अर्थ, बाहेर पडण्याचे मार्ग, एकत्र जमण्याची जागा आणि कोणत्या भागात जायचे नाही एवढे तरी शिकतो. परिपूर्ण प्रशिक्षणाची वाट पाहत अप्रशिक्षित राहण्यापेक्षा हे निश्चितच बरे आहे.

दुसरा मुद्दा भाषेचा. एकच प्रशिक्षक चार भाषांत बोलू शकत नाही, धडा मात्र चार भाषांत करता येतो आणि वाचन कच्चे असलेल्यांसाठी त्याला आवाजाची जोड देता येते. कामगाराला समजेल अशी भाषा आणि असे शब्द वापरूनच प्रशिक्षण दिले पाहिजे, असे अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या नियामक संस्थेने २०१० साली लेखी धोरण म्हणून स्पष्ट केले होते. वर्गात ही अट किती वेळा पाळली जाते, याचा प्रत्येकाने विचार करावा.

तिसरी गोष्ट मला अनपेक्षित होती. पर्यवेक्षक शेजारी बसलेला असताना वर्गात कुणी विचारत नसे असे प्रश्न नाव न देता लिहिण्याची सोय केल्यावर येऊ लागले. 'गार्ड (यंत्राचे संरक्षक आवरण) काढून काम करा असे वरिष्ठांनी सांगितले तर काय करायचे?' हा त्यांपैकी एक होता. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी वर्गात एकदाही ऐकला नव्हता.

आशयकार

मी असे ऑनलाइन धडे तयार करण्याच्या व्यवसायात आहे. माझा हितसंबंध लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

फिटर यांनी वर्णन केलेला लाल स्विच आम्हीच काढत असतो आणि त्याचे कारण साधे आहे. ग्राहक तयार धडा विकत घेतात, जो कुठल्याही कारखान्यात चालावा म्हणून कुठल्याच कारखान्यासारखा दिसत नाही. त्यांच्याच यंत्रांची छायाचित्रे घेऊन धडा करू या, असे सुचवले की वेळ आणि खर्च वाढतो, आणि बोलणी तिथेच संपतात. 'पुढे' हे बटण ठरावीक सेकंद बंद ठेवण्याची मागणी मात्र प्रत्येक जण करतो, जणू काही तेवढा वेळ पडद्याकडे पाहिले की शिक्षण होते. परीक्षेच्या प्रश्नांबद्दल तर बोलायलाच नको. चार पर्यायांपैकी सर्वांत लांब पर्याय निवडत गेले, तर धडा न वाचताही उत्तीर्ण होता येते, हे आमच्या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे.

चांगल्या धड्यात शिकणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो आणि चुकीच्या निर्णयाचे परिणाम त्याच्यासमोर उलगडतात. बंदिस्त जागेतील कामाचे उदाहरण घ्या. टाकीत उतरलेला सहकारी कोसळला आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक जण 'आत उतरून त्याला बाहेर काढीन' असेच निवडतात, कारण ते माणुसकीला धरून आहे. अमेरिकेच्या नायओश या संशोधन संस्थेने १९८६ साली दिलेल्या इशाऱ्यानुसार बंदिस्त जागांतील मृतांमध्ये ६० टक्क्यांहून अधिक लोक वाचवायला आत गेलेले होते. हा आकडा स्लाइडवर नुसता वाचला तर विसरला जातो. स्वतः 'आत उतरीन' निवडल्यावर तो समोर आला तर मनात राहतो. हा प्रसंग प्रत्यक्षात घडवून शिकवता येत नाही, त्यामुळे इथे पडदा वर्गापेक्षा सरस आहे.

मात्र याच विषयात वायुमापक कसा हाताळायचा, तो टाकीत वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर का धरायचा, तिपाई कशी उभी करायची, दोर कसा ओढायचा, हे मी पडद्यावर शिकवू शकत नाही आणि शिकवतो असा दावाही करणार नाही.

ऑनलाइनचे खरे बळ उजळणीत आहे, असे माझे मत आहे. शिकलेले किती वेगाने विसरले जाते, याची मोजणी जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच प्रसिद्ध केली होती, तरीही आपण वर्षातून एकदा आठ तास शिकवतो आणि उरलेले वर्ष शांत बसतो. त्याऐवजी दर पंधरवड्याला पाच मिनिटांचा एकच प्रसंग दिला तर अधिक उपयोग होतो, आणि हे काम वर्गाच्या आवाक्यातले नाही.

जुना फिटर

आशयकार, हितसंबंध आधीच सांगितलात हे आवडले. पाच मिनिटांच्या धड्याला माझी हरकत नाही, पण ती पाच मिनिटे कामाच्या वेळेतली असावीत. आम्हाला ते 'सवडीने पाहा' म्हणून मोबाइलवर पाठवले जातात. पाळी संपल्यावर घरी जाताना पाहिलेला धडा मी प्रशिक्षण मानत नाही.

नियंत्रण कक्ष

मी रासायनिक प्रक्रियेच्या नियंत्रण कक्षात काम करतो. या चर्चेत अमेरिकेतील टेक्सास सिटीचे उदाहरण यायला हवे होते.

२३ मार्च २००५ रोजी तेथील बीपी या तेलकंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एक संयंत्र पुन्हा सुरू करताना मनोऱ्यात द्रव प्रमाणाबाहेर भरला गेला, तो बाहेर पडून त्याच्या वाफांनी पेट घेतला आणि स्फोट झाला. १५ जण मृत्युमुखी पडले आणि १८० जखमी झाले. रासायनिक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने जी कारणे नोंदवली, त्यांत प्रशिक्षणाचाही समावेश आहे. मध्यवर्ती प्रशिक्षण विभागातील माणसे २८ वरून ८ वर आणली गेली होती, आणि संयंत्र सुरू करण्यासारख्या क्वचित येणाऱ्या पण अतिधोकादायक प्रसंगांचा सराव करण्यासाठी सिम्युलेटर (संयंत्राची संगणकावरील हुबेहूब नक्कल) उपलब्ध नव्हते. प्रशिक्षणाचा मोठा भार संगणकावरील धड्यांवर होता. प्रस्ताव ज्या व्यवस्थापनाने मांडला आहे, त्यांच्यासमोर हे अवश्य ठेवावे, कारण खर्चकपातीसाठी प्रशिक्षण ऑनलाइन करणे आणि चांगल्या शिक्षणासाठी ऑनलाइन करणे यांत फार अंतर आहे.

मात्र याच उदाहरणातून दुसरीही गोष्ट निघते. फिटर यांचे काम झडपेवर आहे. माझे काम पडद्यावर आहे. वाढता दाब, चढती पातळी, एकाच वेळी वाजणारे डझनभर अलार्म आणि त्यांतून खरा कोणता हे ओळखणे, हे सर्व मी खुर्चीत बसून करतो. माझ्यासाठी सिम्युलेटर हेच प्रत्यक्ष प्रशिक्षण आहे, आणि वर्गात फळ्यावर काढलेली आकृती प्रत्यक्षापासून फार दूरची. तेव्हा 'पडदा म्हणजे अप्रत्यक्ष' हे समीकरण सर्वांना लागू करू नये.

सुरक्षा अधिकारी (धागाकर्ता)

नियंत्रण कक्ष यांचा हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी सरसकट लिहिले, ते दुरुस्त करतो.

आपल्या उदाहरणाशेजारी पायपर अल्फाचे ठेवावेसे वाटते. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातील त्या तेलफलाटावरील दुर्घटनेत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. लॉर्ड कलेन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली आला आणि त्यात १०६ शिफारशी होत्या. फलाटावर नव्याने येणाऱ्यांना सुरक्षेची माहिती वरवर दिली जात होती आणि बाहेर पडण्याचे सराव जितके व्हायला हवे होते तितके होत नव्हते, हे त्या चौकशीत पुढे आले. त्या काळी ऑनलाइन प्रशिक्षणाचा प्रश्नच नव्हता. जे होते ते माणसाने माणसाला समोरासमोर दिलेले होते, आणि तरीही उरकलेले होते.

प्रथमोपचार प्रशिक्षक

छातीदाबाचे उदाहरण देते. प्रौढ व्यक्तीच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, दर वेळी ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, हे वाक्य कुणीही पाठ करील. पुतळ्यावर हात ठेवल्यावर मात्र दहापैकी आठ जण सुरुवातीला निम्माच दाब देतात, कारण समोरच्याला दुखेल या भीतीने हात आपोआप सैल पडतो. (ही माझ्या वर्गांतली नजरेची मोजदाद आहे, शास्त्रीय आकडा म्हणून ती वापरू नये.) पाच सेंटिमीटर म्हणजे किती, हे हाताला कळावे लागते आणि दोन मिनिटांत येणारा थकवा अंगाने अनुभवावा लागतो.

अग्निशामकाचेही तसेच आहे. पिन ओढा, रोख ज्वाळेच्या बुडाशी धरा, दांडी दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा, हे चार शब्दांत सांगून होते. हातातले लहान अग्निशामक काही सेकंदांतच, बहुधा अर्ध्या मिनिटाच्या आत, रिकामे होते, याचा धक्का मात्र ते एकदा स्वतः रिकामे केल्याशिवाय बसत नाही. पहिल्यांदा वापरणारे बरेच जण पिन न ओढताच दांडी दाबत राहतात.

सिद्धान्ताचा भाग मी आता आनंदाने ऑनलाइन देते. त्यामुळे वर्गातील वेळ पूर्णपणे हातांना मिळतो आणि एका पुतळ्यामागे बारा जण रांगेत उभे राहत नाहीत.

नियमपुस्तक

धागाकर्त्यांना अहवालात आधार हवा असेल म्हणून ओशाच्या नियमांतील दोन गोष्टी नोंदवतो. तो कायदा ज्यांना लागू नाही, त्यांनाही त्यातील विभागणी उपयोगी पडावी.

फोर्कलिफ्ट चालकांच्या नियमात प्रशिक्षणाचे तीन भाग सांगितले आहेत: औपचारिक शिक्षण, प्रात्यक्षिक, आणि कामाच्या जागी चालकाच्या कौशल्याचे मूल्यमापन. पहिल्या भागासाठी संगणकावरील परस्परसंवादी धडे आणि चित्रफिती स्पष्टपणे चालतात; दुसऱ्या आणि तिसऱ्या भागासाठी चालत नाहीत, कारण तिथे शिकणाऱ्याने स्वतः वाहन चालवायचे असते. हे मूल्यमापन किमान दर तीन वर्षांनी पुन्हा करावे लागते. दुसरा नियम रक्तातून पसरणाऱ्या रोगांविषयीचा आहे. त्यात प्रशिक्षण देणाऱ्या व्यक्तीला प्रश्न विचारण्याची आणि तिच्याकडून उत्तर मिळवण्याची संधी आवश्यक मानली आहे. केवळ धडा लावून दिला आणि प्रश्न घेणारे कोणी नसले, तर ती अट पूर्ण होत नाही.

दूरच्या साइटवरून

तिसरा प्रकार राहून गेला आहे: व्हिडिओ कॉलवरचा थेट वर्ग. आमचे गट लांबलांब विखुरलेले असल्याने आम्ही हाच वापरतो. प्रश्नोत्तरे होतात, पण कॅमेरे बंद असतात, आणि बारापेक्षा जास्त माणसे झाली की त्याचे रूपांतर व्याख्यानात होते. उंचीवरील कामाचा हार्नेस (पडण्यापासून वाचवणारे अंगावरचे पट्टे) आम्ही एकदा कॅमेऱ्यासमोर घालायला लावून तपासला. छातीवरचा पट्टा दिसला. मांडीचे पट्टे किती घट्ट आहेत आणि पाठीवरची कडी दोन खांद्यांच्या मध्ये बसली आहे का, हे दिसले नाही. आता प्रत्येक साइटवरच्या एका अनुभवी कामगाराला आम्ही तपासनीस म्हणून तयार केले आहे. शिकवतो आम्ही, पट्टा ओढून बघतो तो.

सुरक्षा अधिकारी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. अहवालाचा मसुदा लिहून झाला आहे. त्यातील मुख्य भाग इथे मांडतो.

प्रवेशाचे प्रशिक्षण आणि उजळणी ऑनलाइन व्हावी, मात्र कामाच्या वेळेत, कारखान्यातच ठेवलेल्या संगणकावर आणि आमच्याच यंत्रांची छायाचित्रे वापरून. लॉकआउट, बंदिस्त जागा, उंचीवरील काम, फोर्कलिफ्ट, अग्निशामक आणि प्रथमोपचार यांत ऑनलाइन धडा ही फक्त पहिली पायरी राहील. प्रत्यक्ष यंत्रासमोर कृती करून दाखवल्याशिवाय नाव 'प्रशिक्षित' यादीत जाणार नाही. यात पैसे वाचणार नाहीत, हेही मी स्पष्ट लिहिले आहे. वर्गाचे तास कमी होतील, पण तपासणीचे तास वाढतील.

रॉब्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली केवळ यादृच्छिक चाचण्यांचा, म्हणजे प्रशिक्षण कोणत्या गटाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून केलेल्या चाचण्यांचा, आढावा घेतला, तेव्हा प्रशिक्षणाने कामगारांच्या वागण्यात फरक पडतो याला भक्कम पुरावा मिळाला, पण त्यामुळे इजा आणि आजार कमी होतात असे म्हणण्याइतका पुरावा त्यांना पुरेसा वाटला नाही. हेही मी अहवालात घातले आहे. झडपेवरची पट्टी पुसलेली असेल, तर तिचा उपाय आणखी एक धडा हा नसतो.

जुना फिटर

मसुदा पटला. एकच विचारतो. कृती करून दाखवताना माणूस नापास झाला, तर त्याला कामावरून थांबवण्याचा अधिकार कुणाला? उत्पादन अडलेले असताना पाळीप्रमुख म्हणेल, 'आजच्या दिवस चालवून घ्या.'

सुरक्षा अधिकारी (धागाकर्ता)

तो अधिकार तपासणाऱ्याला आहे आणि तो निर्णय पाळीप्रमुखाला फिरवता येणार नाही, असे एक कलम आज घातले. व्यवस्थापन त्यावर काय म्हणते ते इथे कळवीन. दरम्यान आपल्या त्या प्रेसप्रमाणे आमच्याकडेही पुसलेल्या पट्ट्या किती आहेत, हे पाहायला काल शॉपमध्ये फिरलो. पहिल्या चार यंत्रांतच सात निघाल्या, त्यामुळे छायाचित्रे काढण्याचे काम पट्ट्या बदलेपर्यंत थांबवले आहे.